डावीकडचं पाणी

क्लाइव्हनं बेप्पे आउकेचा, म्हणजे आउके आजीचा, हात घेतला नाही, झालं ते एवढंच. म्हातारीनं हात चांगला कोपरापासून लांब केला होता, तिच्या वयाच्या बाईला तेवढ्यालाही कष्ट पडतात, आणि क्लाइव्ह तिच्यापुढून तसाच सरकून शेजारच्या बाईला म्हणाला, "अभिनंदन, वीब्रनच्या वाढदिवसाबद्दल मनापासून अभिनंदन." खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, नेदरलंड्समधल्या लेउवार्डनच्या कुठल्याही घरात वाढदिवसाला मांडतात तशा. आत आलं की दाराजवळच्या खुर्चीपासून सुरुवात करायची, एकेकाचा हात हातात घ्यायचा, ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, त्याच्या बायकोचं, आईचं, मेहुण्याचं, शेजाऱ्याचंसुद्धा अभिनंदन करायचं, आणि गोल पुरा झाला की मगच बूड टेकायचं. त्या गोलात कुणाला गाळणं म्हणजे त्याला घराबाहेर काढल्यासारखंच. क्लाइव्हला हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. दर वसंतात आपली बोट पाण्यात उतरवायच्या आधी तो आणि त्याची बायको मोराग न्यूझीलंडहून येऊन वीब्रन आणि चित्स्केकडे राहायची, आणि दर वसंतात हा वाढदिवस यायचाच. उलट बेप्पेच्या गालांवर तीनदा ओठ टेकवून तिला लाजवणं हा क्लाइव्हचा आवडता उद्योग होता. आजही तो सगळं नीटच करत होता. मधेच कुणीतरी कॉफीचा ट्रे घेऊन आलं, त्याला वाट द्यायला तो एक पाऊल मागं झाला, परत वळला, आणि वीब्रनची आई त्याच्या डाव्या हाताला राहून गेली.

"मी मेले की काय रे?" बेप्पे म्हणाली. हात अजून पुढंच होता. "मेले असेन तर सांगा बाबा. उगाच केक कशाला वाया घालवता माझ्यावर!"

खोली खदखदून हसली. क्लाइव्हही हसला, "कुठं लपला होता तुम्ही? तरुण पोरींसारख्या!" म्हणाला, वाकला, तीन मुके दिले, बेप्पेनं त्याच्या कानावर चापटी मारली, आणि सगळं मिटलं. मोरागला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. कारण तिनं त्याची मान पाहिली होती. आवाज आला तेव्हा तो माणूस आवाजाकडे वळतो तसा वळला नाही. त्यानं मान थांबत थांबत, शोधत वळवली, पलंगाखाली गेलेली चप्पल आपण शोधतो तशी. आणि म्हातारी सापडल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते हसू नव्हतं, हसू त्यानंतर आलं. आधी आली ती भीती. अगदी पुसटशी. मोरागनं इतक्या वर्षांत ते तोंड सगळ्या तऱ्हांनी पाहिलं होतं, रागावलेलं, झोपलेलं, दाढीच्या साबणानं माखलेलं. ही तऱ्हा नवी होती.

ती आपल्या खुर्चीत बसली, नारिंगी साखरेच्या थराचा केक मांडीवरच्या बशीत घेतला, डाव्या बाजूच्या बाईला म्हणाली, हो, प्रवास बरा झाला, उजवीकडच्या मेहुण्याला म्हणाली, नाही, यंदा म्यूज नदीनं वर, जमलं तर फ्रान्सपर्यंत. आणि डोक्यात मात्र एकेक गोष्ट उठून उभी राहायला लागली. दाराच्या चौकटीला आपटून काळानिळा झालेला त्याचा डावा खांदा. "जुनं घर, दारं आकसतात," तो म्हणाला होता, आणि सुतारकामात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य ऐकून तिला नुसतं हसू आलं होतं. ताटात डाव्या कडेला राहिलेले वाटाणे. "पोट भरलं गं." आणि गाडीची किल्ली! घरी, डनीडनला, उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली होती, बोटं मिटली होती, म्हणाला होता, "आता तू चालव, माग्ज. मला नुसतं बसून समुद्र बघायचाय." केवढी हरखली होती ती! लग्नापासून शेजारच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसलेली बाई, तिनं नवीन चष्मा केला, आपल्या आवडीची गाणी लावली, टेकडीवरच्या वळणांवर मुद्दाम वेग वाढवला. आणि त्याच महिन्यात कधीतरी तो रात्री उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या अंगाला आला, "या बाजूला मान बरी राहते, तू सरक पलीकडे." ती सरकली. जेवायच्या टेबलावरची खुर्चीही बदलली. फिरायला जाताना तो तिचा हात धरून तिला रस्त्याच्या कडेनं, आपल्या उजवीकडे ओढायचा, आणि म्हातारपणी नवऱ्याला प्रेमाचं भरतं आलंय म्हणून तिनं ते मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंही होतं. गाडीत तर ती चालवायची म्हणून त्याच्या उजवीकडेच. म्हणजे ह्या बाबानं तीन-चार महिन्यांत न बोलता, न चुकता, तिला उचलून आपल्या आयुष्याच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं होतं. आणि त्याला तिनं प्रेम म्हटलं होतं. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. मग तितकाच संताप आला. केक तिनं शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, कारण या घरात बशीत टाकलेलं चालत नाही.

स्वयंपाकघरात चित्स्के बशा विसळत होती. चित्स्के म्हणजे वीब्रनची बायको, चारचौघींपेक्षा हातभर उंच, पाणबंधाऱ्यांच्या खात्यात सगळी नोकरी झालेली, आणि मनात आलेलं ओठांवर यायला तिला क्षणही लागत नसे. मोराग फडकं घेऊन शेजारी उभी राहिली तशी पाण्याचा नळ बंद करून ती म्हणाली, "तुझा नवरा उद्धट झालाय की आंधळा?"

"काहीतरीच काय!"

"उद्धट तर तो नाही. म्हणजे दुसरं. काल सायकलवाल्याच्या अंगावर गेला, वीब्रननं मागं खेचला. वर वीब्रनलाच म्हणाला, तुमच्या सायकली फार मुक्या असतात. मोराग, सायकल घंटी वाजवत होती."

"तू मला काल का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. बायकोला माहीत नसेल असं कसं वाटेल मला?" चित्स्केनं बशी तिच्या हातात दिली. "हे बघ, कालव्यात आपण उजव्या काठानं जातो. समोरून येणारं डावीकडून जातं, मागून येणारी मालवाहू धुडं डावीकडूनच पुढं काढतात. तू काय करणार आहेस?"

"मला आधी बघू दे."

"बघ. पण सुकाणूच्या चाकाला त्याचा हात लागला तर वीब्रन तुमची बोट साखळदंडानं बांधील. आणि फियोनाला फोन मी स्वतः करीन."

फियोना त्यांची मुलगी. तिला नुसता सुगावा लागला असता तरी पुढच्या विमानाची दोन तिकिटं येऊन पडली असती, आणि मग डनीडनचा, तिकडं आता लागणारा लांबच लांब हिवाळा, खिडकीशी बसलेला क्लाइव्ह, डॉक्टर, सूप, आणि आठवड्यातून दोनदा मुलीचा तो समजुतीचा आवाज. मोरागला तो हिवाळा नको होता. तिला बोट हवी होती. इतकी हवी होती हे तिला फडक्यानं बशी पुसताना पहिल्यांदाच कळलं. जमिनीवर ही दोघं दिवसच्या दिवस वीजबिल आणि हवा सोडून बोलायची नाहीत. बोटीवर मात्र क्लाइव्ह सुटायचा, सकाळी अंतर्वस्त्रांत छतावर उभा राहून बदकांना शिव्या घालायचा, संध्याकाळी कुठल्यातरी खेड्याच्या काठाला दोर बांधून झाले की स्वतःच्या बापाबद्दल बोलायचा, जे तो घरी मेला तरी बोलला नसता. ते सगळं ती सोडणार नव्हती. कुणाच्या एका डोळ्यासाठी नाही, की दोन्ही डोळ्यांसाठीही नाही. 'बघते मी,' तिनं मनाशी म्हटलं, आणि ते धमकी दिल्यासारखंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वीब्रननं सगळ्यांना जवळच्या फ्रानेकर गावी नेलं. बोटीचा मोसम सुरू होण्याआधी पाहुण्यांना काहीतरी दाखवलंच पाहिजे हा त्याचा नेम, आणि दाखवलेलं परत दाखवायलाही त्याची हरकत नसे. लोकर विंचरणाऱ्या एका माणसानं आपल्या बैठकीच्या खोलीच्या छताला सगळी ग्रहमाला टांगलेली ते घर. निळं छत, सोनेरी गोल, आणि वर माळ्यावर टकटकणारी लाकडी चक्रं. ती चक्रं म्हणजे क्लाइव्हचं देऊळच. मोराग खाली छताकडे मान वर करून उभ्या असलेल्या लोकांत त्याच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून नव्हे पण हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिली, श्वास रोखून. पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली आणि तळहातावर ठेवून त्याच्या खांद्याजवळ धरली. क्लाइव्ह पेपरमिंटला कधी नाही म्हणत नाही. चर्चमध्ये ती पर्सला हात घालायच्या आत त्याचा पंजा पुढं यायचा. तो शनी बघत होता. तिनं हात थोडा पुढं आणला. तो शनीच बघत होता. मग तो म्हणाला, "माग्ज, हे गोल फिरतात ते डोळ्यांना कळत नाही, पण फिरतात बघ". आणि ते वाक्य तो उजवीकडच्या मोकळ्या जागेला सांगत होता. तिथं ती नव्हती हे लक्षात आलं तसा तो गडबडला, मान पुन्हा त्या थांबत-शोधत्या चालीनं फिरायला लागली, आणि एवढ्या लोकांत, त्या निळ्या छताखाली, मोरागला आपल्या नवऱ्याची इतकी दया आली की तिला स्वतःचीच लाज वाटली. चोरून परीक्षा घ्यायची ही कसली रीत? "इथं आहे मी," ती मोठ्यानं म्हणाली आणि गोळी स्वतःच्याच तोंडात टाकली.

बाहेर कालव्याकाठच्या बाकावर तिनं त्याला बसवलं. वीब्रन आणि चित्स्के साखरेचा पाव घ्यायला गेली होती. चित्स्केनं वीब्रनला जाणूनबुजून लांबच्या बेकरीत नेलं होतं. मोराग मुद्दाम त्याच्या डावीकडे बसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"क्लाइव्ह, मी तुझ्याशी लग्न केलंय, मला बनवू नकोस. डावीकडचं कधीपासून दिसत नाही?"

 जानेवारी, तो म्हणाला, तिकडचा ऐन उन्हाळा. एका सकाळी उठला तर दाढीचा ब्रश सापडेना. एकटाच डॉक्टरकडे गेला. डोळ्यांना काही झालेलं नाही, डोक्यात एक छोटीशी गुठळी, आली नि गेली, जाताना एवढं घेऊन गेली. परत येणार नाही. गोळ्या चालू आहेत. गाडी बंद.

"आणि बोट?"

"बोटीचं मी विचारलं नाही."

"विचारलं नाहीस!"

"विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं ना."

मोरागला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "घरी मला उजवीकडं नेऊन ठेवलंस. पलंगावर, टेबलावर, रस्त्यावर. मूर्ख बाई, मी मिरवत होते. आणि बोटीवर काय करणार होतास?"

"बोटीवर तू डावीकडंच असतेस," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, पाना कुठल्या खणात असतो ते सांगावं तसं. "बोट आपटू नये म्हणून तो रबरी फेंडर घेऊन. काही आलं की ओरडतेस. कायमच ओरडतेस. म्हटलं, तेवढं पुरेल."

म्हणजे ठरवलं होतं त्यानं. तिच्या ओरडण्याच्या भरवशावर, तिला न सांगता, धुडं येतात त्या कालव्यांतून, बोटी वरखाली चढवणाऱ्या लॉकांच्या दरवाजांतून, तिला घेऊन. इतका विश्वास कुणी कुणावर टाकावा आणि इतकी फसवणूक कुणी कुणाची करावी, आणि दोन्ही एकाच वाक्यात. त्याला मिठी मारावी की पाण्यात ढकलावा हे तिला खरोखर कळेना.

"चाक मी धरणार," ती म्हणाली.

"तुला येत नाही."

"शिकव मग."

"बेल्जियममधल्या त्या लॉकमध्ये काय केलंस, विसरलीस?"

विसरली नव्हती. दरवाज्याला बोटीचं नाक आपटलं होतं, कपाटातल्या कपबशा खाली आल्या होत्या. क्लाइव्ह रागावला नव्हता. एक शब्द बोलला नव्हता. नुसता मागून आला, तिची बोटं एकेक करून चाकावरून सोडवली आणि स्वतः उभा राहिला. ती पुढं दोराकडे गेली, आणि त्यानंतर ना त्यानं कधी चाक दिलं, ना तिनं मागितलं. कालव्यावरच्या सगळ्याच जोड्यांत नवरा चाकाशी आणि बायको दोराशी. त्यावरून बायका दोर फेकता फेकता एकमेकींत थट्टाही करतात. तिनं ती थट्टा पुष्कळ केली होती. बोटं सोडवलेली तिला अजून जाणवत होती.

"दरवाजा माझ्या लक्षात नाही," ती म्हणाली. "तू माझे हात काढलेस ते आहे."

क्लाइव्हनं तिच्याकडे बघायला मान वळवली, पुरी वळवावी लागली त्याला. "मग मी काय करू? कुंड्यांना पाणी घालू? मला सामानासारखं नेणार आहेस?"

"दोर धर. लाइफजॅकेट घाल आणि दोर धर. उजवी बाजू तुझी."

"ते बायकांचं काम आहे," तो म्हणाला, आणि तोंडातून गेल्यावर त्यालाच कळलं.

"हो," मोराग म्हणाली. "अवघड असतं ते. जमेल हळूहळू."

 परतताना गाडीत चित्स्केनं पुढच्या सीटवरून मागं वळून दोघांची तोंडं निरखली, "भांडलात? बरं झालं," म्हणाली, आणि साखरेच्या पावाचा तुकडा दोघांच्या हातांत कोंबला. पण क्लाइव्ह त्यानंतर गप्पच झाला. विचारलं तेवढंच उत्तर. बोटीवर पाणी भरलं, डिझेल भरलं, इंजिनाचं तेल बघितलं, सगळं हातांना पाठ असल्यासारखं केलं, पण शिकवायचं नाव नाही. मोरागनं एक दिवस वीब्रनला धक्क्यावर उभं करून बांधलेल्या बोटीवरच चाक फिरवून पाहिलं, गिअर मागंपुढं करून पाहिला. वीब्रन म्हणाला, मी येतो की पहिल्या दिवशी, ग्राऊ गावापर्यंत. ती नको म्हणाली. तो आला असता तर क्लाइव्ह त्याच्याशी बोलला असता, तिच्याशी नाही. आणि मग ते तसंच चाललं असतं, एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत, कुठला ना कुठला पुरुष चाकाशी शोधून. रात्री त्याच्या पाठीकडे बघत ती पडून राहिली. 'फुगून बस लेका,' तिनं मनात म्हटलं, 'फुगलेला तर फुगलेला, पण मी तुला नेणार आहे.' झोप मात्र लागली नाही, चाकाची भीती होतीच.

निघायच्या सकाळी वारा होता. पाण्यावर बारीक सुरकुत्या, शेजारच्या बोटीचा झेंडा ताठ. त्यांची 'आल्बर्टिना' जुनी पोलादी बोट, नाकानं हलकी, वारा तिला ढकलतो आणि ती जातेही. वीब्रन आणि चित्स्के धक्क्यावर दोर सोडायला उभी होती. मोराग पायऱ्या चढून वर आली तर क्लाइव्ह चाकाशी. लाइफजॅकेट घातलेलं, इंजिन चालू केलेलं, दोन्ही हात चाकावर. रोजचा तोच उभा राहायचा ढंग, एक गुडघा किंचित वाकवलेला. ती त्याच्या मागं येऊन उभी राहिली. हात पुढं करून त्याची बोटं एकेक करून सोडवता आली असती तिला. अगदी सोपं होतं ते. तिनं हात खिशात घातले.

"सोडू का?" वीब्रन धक्क्यावरून ओरडला.

"थांब!" मोराग म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. थांब म्हणतेय ना!"

इंजिन धडधडत होतं. चित्स्केनं धक्क्यावर हाताची घडी घातली. मोराग त्याच्या मानेकडे बघत राहिली, केसांखालच्या त्या लाल रापलेल्या कातडीकडे. बोलायचं होतं ते बाकावर बोलून झालं होतं. हिसकावून घेतलेलं चाक तिला नको होतं, तसं घेतलं तर ते जन्मभर त्याचंच राहिलं असतं. पण तो सोडणार नसेल तर बोटही हलणार नव्हती. संध्याकाळपर्यंत इथं उभं राहायची तिची तयारी होती, हिवाळ्यापर्यंतसुद्धा. मग क्लाइव्हचा एक हात खाली आला. जरा वेळानं दुसरा. तो वळला, तिच्याकडे न बघता तिच्या अंगावरून गेला, आणि कठड्याला धरून उजव्या बाजूनं, पाय चाचपत, नाकाकडे निघाला.

दोर सुटले. मोरागनं गिअर टाकला आणि वाऱ्यानं लगेच आल्बर्टिनाचं नाक शेजारच्या पांढऱ्या बोटीवर नेलं. तिनं चाक फिरवलं, उलट फिरवलं. पोलादानं पांढऱ्या रंगावर लांबलचक करकर केली. त्या बोटीतून एक माणूस हातात कॉफीचा मग घेऊन वर आला आणि म्हणाला, "बाई, माझी बोट विकायची नाहीये, लग्न लावू नका!" धक्क्यावरून वीब्रन काहीतरी सांगत होता, ते वाऱ्यात गेलं. आणि नाकावरून क्लाइव्ह परत निघाला. कठड्याला धरून, मान खाली, झपाझप.  आला म्हणजे आता मागं उभा राहील.

"तिथंच थांब!" ती ओरडली. असा आवाज तिनं आयुष्यात काढला नव्हता. "क्लाइव्ह, तिथंच उभा राहा! बोट माझ्याकडे आहे!"

तो थांबला. कॉफीवालाही थांबला. मोरागनं इंजिन उलटं घातलं, दात खाऊन मोजत वाट पाहिली, बोट मागं सरली, नाक सुटलं, तिनं चाक पुरं फिरवलं आणि पुढचा गिअर टाकला. वाईट निघाली बोट, तिरकी, लाजिरवाणी, पण निघाली. धक्का मागं गेला, चित्स्केचा उंच हात मागं गेला, आणि बंदराचं तोंड मोठ्या कालव्यात उघडलं तिथं तिनं वेग कमी केला. इथून उजवीकडे वळायचं. नाकावर क्लाइव्ह फेंडर हातात घेऊन उभा होता, पाठमोरा, उघड्या पाण्यापुढं. त्याची मान डावीकडे गेली, थांबली, आणखी गेली. मग ती परत आली. तो तिच्याकडे वळला आणि इंजिनाच्या धडधडीच्या वर, धक्क्यावरच्यांना, कॉफीवाल्याला, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं,

"माग्ज! डावीकडं काय आहे गं?"

डोळे तिनं पाण्यावरून हलवले नाहीत.

"रेतीची बोट येतेय," ती ओरडून म्हणाली. "लांब आहे अजून. मधे नुसतं पाणी आहे."

"मग घे बोट पुढं," क्लाइव्ह म्हणाला. तिनं चाक उजवीकडे घेतलं.